४ए-जीझेडई : सुपरचार्जर ठेवून साडेसात हजारांच्या पुढे जायचंय

रानवारा

नमस्कार मंडळी. टोयोटाचं ४ए-जीझेडई इंजिन आहे. १,५८७ सीसी, बोअर ८१ मिमी, स्ट्रोक ७७ मिमी, सोबत एससी१२ रूट्स सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंप, ज्याला ब्लोअरही म्हणतात. गाडी एमआर२, पहिली पिढी. चार वर्षं माझ्याकडे आहे आणि तिचा खालचा दम मला मनापासून आवडतो. अडीच हजार आरपीएमवर (मिनिटाला फेरे) पाय दिला की गाडी निघतेच, वाट बघावी लागत नाही. पण सहा हजारांच्या वर आवाज तेवढा वाढतो, ओढ वाढत नाही. साडेसहानंतर तर हात आपोआप गिअरकडे जातो.

याच घराण्यातलं बिनसुपरचार्जरचं ४ए-जीई मी चालवलंय. ते वरच्या टप्प्यात जे गातं, ते ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. मला खालचा दमही हवाय आणि वरचं गाणंही. ट्रॅकवर दोन कोपऱ्यांच्या मध्ये एक गिअर वाचला तरी खूप झालं.

लक्ष्य ८,५००. इंजिन अजून खोललेलं नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, धूर नाही, तेल खात नाही. प्रोग्रॅमेबल इसीयू (इंजिनाचा संगणक) बसवलेला आहे, म्हणजे लिमिटर (कमाल आरपीएमची मर्यादा) वर सरकवणं माझ्या हातात आहे. नुसता तोच सरकवून आधी एकदा बघावं का?

लेथवाला

लिमिटर सरकवू नका. आज नका आणि इंजिन उघडल्याशिवाय तर अजिबात नका.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, बाकीचं त्यातूनच निघतं. बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा जादा दाब, रॉडला (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) दाबतो, आरपीएम रॉडला ओढतो. पॉवर स्ट्रोकला पिस्टनवर वायूचा दाब येतो आणि रॉड चेपला जातो. लोखंड चेपणं बऱ्यापैकी सोसतं. पण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर पोचतो तेव्हा त्याला अडवायला वर काहीच दाब नसतो. तो तसाच वर निघून जाऊ पाहतो आणि त्याला परत खाली खेचायचं काम एकटा रॉड करतो, त्यातही रॉडचे दोन बोल्ट. तुमचं इंजिन आजवर बूस्टसाठी तयार होतं. आता तुम्ही त्याला ओढ सोसायला सांगताय.

आकडे घ्या. स्ट्रोक ७७, रॉडची लांबी १२२ मिमी. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरा. ७,५०० ला टीडीसीवर (पिस्टनची सर्वात वरची जागा) रॉडला साधारण १,६०० किलोची ओढ बसते. ८,५०० ला ती २,०४५ किलो होते. आरपीएम वाढला १३ टक्के, ओढ वाढली २८ टक्के, कारण ती आरपीएमच्या वर्गाने वाढते. आणि हे एकदा नाही, दर सेकंदाला सत्तरेक वेळा.

केदार_७७

लेथवाला काका, एक शंका. बूस्ट वाढवल्यावर रॉड वाकलेले फोटो मी पाहिलेत. मग बूस्ट रॉडला सोपा कसा?

लेथवाला

सोपा नाही, वेगळा आहे. कमी आरपीएमवर भरपूर बूस्ट दिला, त्यात नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) झालं, तर रॉड चेपून वाकतो. तो वाकलेला रॉड पुष्कळदा सिलिंडरमध्येच राहतो, कॉम्प्रेशन कमी दाखवतो आणि तुम्ही घरी पोचता. बोल्ट ताणून तुटला तर रॉड ब्लॉकच्या बाहेर येतो. फोटोत फरक लगेच दिसेल. वाकलेला असेल तर बूस्ट किंवा नॉकिंग. बोल्ट बुडाशी मानेसारखा बारीक होऊन तुटलेला असेल तर आरपीएम.

सुनेत्रा

लेथवाला यांना पूर्ण अनुमोदन. पण मला त्याच्याही आधीचा प्रश्न विचारायचाय. वर जाऊन मिळणार काय?

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. किलोवॅट हवे असतील तर न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९. समजा ६,५०० ला २०० न्यूटन-मीटर आहे, म्हणजे १३६ किलोवॅट. आता ८,००० पर्यंत गेलात आणि तिथे टॉर्क १६५ वर उतरला, तर पॉवर होते १३८. दोन किलोवॅटसाठी अख्खं इंजिन पणाला लागलं. तोच टॉर्क १८० वर टिकला तर १५१ किलोवॅट. म्हणजे खरं काम आरपीएम वाढवणं नाहीच. वर गेल्यावर टॉर्क पडू न देणं हे काम आहे. आरपीएम हा त्याचा परिणाम.

म्हणून रानवारा, तुमचा टॉर्क सहा हजारांनंतर का पडतोय ते आधी शोधा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, पूर्ण ॲक्सिलरेटरची एक ओढ घ्या आणि चार गोष्टी एकत्र नोंदवा : बूस्ट, इंटरकूलरनंतरचं हवेचं तापमान, वाइडबँडचा आकडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), इग्निशन अँगल (ठिणगी कधी पडते). त्या चार रेषा एकावर एक ठेवल्या की गुन्हेगार सापडतो. बूस्टच पडत असेल तर पट्टा घसरतोय किंवा ब्लोअर थकलाय. बूस्ट टिकून तापमान चढत असेल तर ब्लोअर हवा भरण्यापेक्षा तापवतोच जास्त. दोन्ही ठीक असूनही टॉर्क पडत असेल तर इंजिनाचा श्वास कमी पडतोय : कॅम, पोर्ट, एक्झॉस्ट.

इंजेक्टरचंही बघा. दर दोन फेऱ्यांना एक सायकल. ७,००० ला सायकल १७.१ मिलिसेकंदांची, ८,५०० ला १४.१ ची. आज ७,००० ला इंजेक्टर १४ मिलिसेकंद उघडा राहत असेल तर तो ८२ टक्के ड्यूटी. तेवढंच पेट्रोल ८,५०० ला द्यायचं तर ९९ टक्के, म्हणजे तो मिटतच नाही. तिथे मिश्रण लीन झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टनचा माथा वितळायला काही सेकंद पुरतात.

जुना_पिस्टन

रानवारा, तुझं पहिलं वाक्य वाचलं आणि माझे दिवस आठवले. हे इंजिन मी दोनदा बांधलंय. मनापासून सांगतो, त्याचा खालचा भाग तुला वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे. फोर्ज्ड पिस्टन कंपनीतूनच येतात. स्ट्रोक आखूड आहे. ८,५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २१.८ मीटर होतो. होंडाचं एस२००० मधलं एफ२०सी कंपनीच्याच ९,००० च्या रेडलाइनला २५.२ मीटरने धावतं. म्हणजे भूमिती तुझ्या बाजूने आहे. अडतं ते हेडमध्ये आणि ब्लोअरमध्ये.

आधी ब्लोअर. तो क्रँकला पट्ट्याने बांधलेला आहे. इंजिन १३ टक्के जास्त फिरलं की तोही १३ टक्के जास्त फिरणार. एससी१२ जुन्या घडणीचा रूट्स आहे. आतल्या आत हवा दाबतच नाही, नुसती पलीकडे ढकलतो, आणि दाब पुढे मॅनिफोल्डमध्ये तयार होतो. ठरावीक वेगापर्यंत काम नीट चालतं. त्यापुढे हवा कमी आणि उष्णता जास्त. ३० अंशांची हवा १.६ पट दाबली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ५५ टक्के असली तर हवा सुमारे १०९ अंशांवर बाहेर पडते. अतिवेगाने कार्यक्षमता ४५ वर घसरली तर १२७ वर. ते अठरा अंश इंटरकूलरला झेपत नाहीत. मग इसीयू इग्निशन मागे घेतो आणि तू मिळवलेलं सगळं तिथेच जातं.

म्हणून जास्त फिरवायचंय त्याने ब्लोअरची पुली मोठी करायची. सगळे लहान करतात, कारण सगळ्यांना बूस्ट हवा असतो. तुला आरपीएम हवाय. ७,५०० ला ब्लोअर आज ज्या वेगाने फिरतो, तोच वेग त्याला ८,२०० ला राहायला हवा असेल तर पुलीचा व्यास ९.३ टक्क्यांनी वाढव. किंमत खाली मोजावी लागेल. ३,००० ला तुला जुन्या २,७४० ची हवा मिळेल. तुला आवडतो तो खालचा दम थोडा कमी होईल, हे आत्ताच मान्य असेल तर पुढे जा.

अजून एक. ८,५०० चा हट्ट सोड. ८,२०० घे. ओढ २,०४५ किलोंवरून १,९०५ वर येते आणि बाकी सगळ्याच गोष्टींना श्वास मिळतो.

रानवारा

पुली मोठी करायची हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, मी लहान पुली मागवणार होतो. ८,२०० मान्य. जुना_पिस्टन काका, हेडचं सांगा.

जुना_पिस्टन

हेड. सोळा व्हॉल्व्ह, इनटेक ३०.५ मिमी, एक्झॉस्ट २५.५. टॅपेटच्या बकेटवर (कॅम आणि व्हॉल्व्हमधली वाटी) शिम (अंतर जुळवणारी चकती) बसलेली असते, उघडी, खोबणीत नुसती ठेवल्यासारखी. कंपनीच्या कॅमवर ती कधीच हलत नाही. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम घातलास की लोबचं नाक शिमच्या कडेपर्यंत पोचतं. त्यात वर व्हॉल्व्ह फ्लोट झाला, म्हणजे स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमच्या मागे वेळेत आणू शकली नाही, की बकेट क्षणभर मोकळी पडते आणि पुढचा फटका शिमच्या कडेवर बसतो. शिम उडते. उडालेली शिम कॅम आणि हेडच्या मध्ये सापडली की कॅम तुटतो, हेडला तडा जातो. मी ते हेड हातात धरलंय. बकेटची भिंत पाकळीसारखी बाहेर उघडलेली होती.

उपाय : शिम बकेटच्या खाली नेणारी जोडणी, कडक स्प्रिंगा, हलके रिटेनर. शिम बदलायला दर वेळी कॅम काढावे लागतात, तेवढा त्रास आहे. तरी तेच कर.

आता सुपरचार्जरवाल्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर बूस्ट सतत बसलेला असतो आणि तो व्हॉल्व्हला उघडायच्या दिशेने ढकलतो. ३०.५ मिमीच्या व्हॉल्व्हवर ०.६ बार म्हणजे जवळजवळ साडेचार किलो. ते स्प्रिंगच्या सीट प्रेशरमधून (व्हॉल्व्ह मिटलेला असतानाचा जोर) थेट वजा कर. बिनसुपरचार्जरच्या इंजिनाला जी स्प्रिंग ८,२०० ला पुरते, तीच तुला ७,७०० लाही कमी पडू शकते. स्प्रिंग घेताना विक्रेत्याला बूस्टचा आकडा सांग, नुसता आरपीएम नको.

सुनेत्रा

कॅमबद्दल भर घालते. जास्त ड्युरेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा, कॅम म्हटलं की लोक बिनसुपरचार्जरचा रेसिंग कॅम उचलतात. त्यात ओव्हरलॅप मोठा असतो, कारण तिथे एक्झॉस्टच्या लाटेने ताजी हवा आत ओढायची असते. आपल्याकडे हवा ढकलायला ब्लोअर बसलाय. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही बराच वेळ एकत्र उघडे राहिले तर दाबलेली हवा सरळ सायलेन्सरमधून निघून जाते. बूस्ट गेजवर कमी दिसतो, वाइडबँड खोटं लीन दाखवतो, आणि ते बघून माणूस पेट्रोल वाढवत बसतो. लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधलं अंतर) ११२ ते ११४ अंशांचं घ्या, ओव्हरलॅप लहान ठेवा, आणि ॲडजस्टेबल कॅम पुली लावून डायनोवर दोन-दोन अंश सरकवून बघा.

अथांग

माझं इंजिन वेगळं आहे, सेंट्रिफ्युगल (पंख्यासारख्या चाकाने हवा फेकणाऱ्या) सुपरचार्जरवालं. धागा वाचून कोणी तशा गाडीला हेच लावायला जाऊ नये म्हणून लिहितोय. आमच्याकडे सगळं उलट चालतं. सेंट्रिफ्युगलचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६,५०० ला ०.५ बार मिळत असेल आणि तीच पुली ठेवून ८,००० ला गेलात तर ०.७५ च्या आसपास जाणार. म्हणजे मागितला आरपीएम, आणि सोबत न मागितलेला बूस्ट. इंपेलरचा वेग कंपनीच्या मर्यादेबाहेर जातो तो वेगळाच. आमच्यासाठी तर मोठी पुली ही पहिली पायरी आहे.

अवांतर : याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटिश बीआरएमचं व्ही१६. दीड लिटर, सोळा सिलिंडर, रोल्स-रॉइसचा दोन टप्प्यांचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, १२,००० पर्यंत फिरायचं. ताकद अफाट, पण आरपीएमबरोबर टॉर्क चढतच जायचा. कोपऱ्यातून बाहेर पडताना चाक घसरलं की आरपीएम वाढणार, तो वाढला की बूस्ट वाढणार, बूस्ट वाढला की चाक अजून घसरणार. त्याच काळातल्या अल्फा रोमिओ १५८ आणि १५९ मध्येही दीड लिटरच होतं, आठ सिलिंडर एका रांगेत, पण रूट्स ब्लोअर, तेही दोन टप्प्यांचे. १९५१ मध्ये ते ९,३०० आरपीएमला ४२५ अश्वशक्तीच्या आसपास देत होतं. १९५० चं जगज्जेतेपद फारीनाने आणि १९५१ चं फांजिओने त्याच गाडीवर घेतलं. रूट्स ठेवून वर जायचं स्वप्न सत्तर वर्षांपूर्वी पूर्ण झालेलं आहे, रानवारा. फक्त त्यांनी उष्णता मारायला अल्कोहोलवालं इंधन पाण्यासारखं ओतलं.

मृण्मयी

मी सहसा नुसतं वाचते, पण रॉड बोल्टचा विषय निघालाय म्हणून लिहिते.

माझं इंजिन दुसरं होतं, पण सुपरचार्ज्ड चार सिलिंडरचंच. एका वर्कशॉपकडे बांधायला दिलं. बेअरिंग नवी, रिंगा नव्या, हेड गॅस्केट नवं. रॉड बोल्ट जुनेच घातले आणि बिलावर त्याचा उल्लेख नव्हता. मी विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. लिमिटर ८,००० ला. तिसऱ्या ट्रॅक डेला सरळ पट्ट्यावर आठ हजारांना पोचले, पुढे कोपरा आला, मी ॲक्सिलरेटर सोडला. दाबलेला असताना नाही, सोडल्यावर तुटला. आवाज मोठा नव्हता, एक ठक, आणि मग स्टिअरिंगमधून सगळं शांत झाल्यासारखं वाटलं. मागे आरशात पांढरा धूर. ब्लॉकला माझी मूठ जाईल एवढं भोक होतं. बोल्टचा अर्धा भाग मी अजून ठेवलाय, मधोमध बारीक झालेला.

लेथवाला म्हणतात ते मी पाहिलंय. पाय सोडला की वायूचा दाब जातो आणि थ्रॉटल मिटल्यामुळे सिलिंडरमधला निर्वात पिस्टनला उलट अजून वर ओढतो. बोल्ट नवे घ्या. बिलावर लिहून घ्या. शक्य असेल तर बसवताना तिथे उभे राहा.

लेथवाला

मृण्मयीताई, लिहिलंत ते फार बरं केलंत.

बोल्ट कसे बसवायचे ते सांगतो. नुसता टॉर्क रेंच पुरत नाही. त्यातला बराचसा जोर घर्षणात जातो आणि बोल्ट खरंच किती ताणला गेला ते कळत नाही. बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने मोजा, वहीत सिलिंडरनुसार लिहा. कंपनीने दिलेलं वंगण लावा. मग स्ट्रेच गेज लावून बोल्ट कार्डावर दिलेल्या लांबीइतका ताणेपर्यंत आवळा. पुढे कधी इंजिन उघडलं तर बोल्ट सोडवून पुन्हा मोजा. मोकळी लांबी मूळपेक्षा ०.०२५ मिमी वाढलेली असेल तर तो बोल्ट टाकून द्या. बोल्ट बदलल्यावर रॉडचं मोठं भोक पुन्हा मोजून होन करून घ्या, नव्या बोल्टच्या ताणाने त्याची गोलाई बदलते.

क्रँक, रॉड, पिस्टन, फ्लायव्हील आणि क्लच यांचं बॅलन्सिंग एकदमच करा. आणि फ्लायव्हील बिडाचं असेल तर ८,००० च्या वर वापरू नका. स्टीलचं घ्या. बिडाचं फ्लायव्हील फुटतं तेव्हा तुकडे कुठे जातील याला कोणी वाली नसतो, आणि एमआर२ मध्ये ते तुमच्या पाठीमागेच आहे.

केदार_७७

तेलाचं कोणीच बोललं नाही?

लेथवाला

बरोबर, राहिलं. तेलाच्या पंपाच्या गिअरला आरपीएम नाही, क्रँकची थरथर मारते. दर पॉवर स्ट्रोकला क्रँक किंचित पिळला जातो आणि सुटतो. काही आरपीएमवर ही पीळ स्वतःशीच ताल धरते. ती शोषून घ्यायला पुढच्या पुलीत रबर असतं. म्हणून हलकी अखंड ॲल्युमिनियमची क्रँक पुली लावू नका, कितीही सुंदर दिसली तरी. तेलाच्या टाकीत बॅफल घाला, नाहीतर लांब कोपऱ्यात पिकअप उघडा पडतो.

रानवारा, रबरावरून आठवलं. तुमची पुली किती जुनी आहे? रबर सुटून बाहेरचं कडं सरकलेलं मी अनेकदा पाहिलंय. टायमिंगची खूण बाहेरच्या कड्यावर असते. कडं सरकलं की खूण खोटं बोलते. एकदा खरी टीडीसी काढून बघा.

रानवारा

दोन आठवडे लागले, पण लेथवाला, तुमचे आभार कसे मानू ते कळत नाही.

रविवारी पहिला प्लग काढला. जुन्या प्लगचं पोर्सेलिन फोडून त्याच्या बॉडीत बोल्ट बसवला आणि पिस्टन अडवायचा स्टॉप केला. क्रँकवर अंशांची चकती लावली. पान्याने हळूहळू फिरवत नेलं, पिस्टन स्टॉपला टेकला, आकडा लिहिला. उलटं फिरवलं, दुसऱ्या बाजूने टेकला, आकडा लिहिला. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी टीडीसी. पुलीची खूण तिथून सहा अंश बाजूला होती. विश्वास बसेना म्हणून तीनदा केलं, तिन्ही वेळा सहा. पुली काढून उजेडात धरली तर रबराला बारीक भेगा आणि आतल्या-बाहेरच्या कड्यावर ओढलेली कारखान्याची रेघ जुळतच नव्हती.

म्हणजे टायमिंग लाइटने मी १० अंश बघत होतो तेव्हा इंजिनात ४ होते. इसीयूतला प्रत्येक आकडा सहा अंश मागे. चार वर्षं हे इंजिन उशिरा ठिणगी घेऊन धावत होतं आणि मी त्याला श्वास कमी आहे म्हणत होतो.

नवी पुली घातली, टायमिंग नव्याने लावलं. बाकी काहीही बदललेलं नाही. साडेसहानंतरचा तो थकवा अर्धा तिथेच गेला.

सुनेत्रा

किती छान! आता मॅप (इसीयूतला आकड्यांचा तक्ता) मात्र सरसकट चालू ठेवू नका. आधीचा मॅप सहा अंश उशिराच्या इंजिनावर जुळवलेला होता. जिथे कोणी भरपाई म्हणून अँगल पुढे ढकलला असेल तिथे आता नॉकिंग होईल, विशेषतः ३,००० ते ४,५०० मध्ये, जिथे बूस्ट भरलेला आणि वेळही भरपूर असतो. त्या पट्ट्यातून तीन-चार अंश काढा आणि नॉक ऐकत ऐकत परत भरा.

जुना_पिस्टन

रानवारा, या एका पोस्टमुळे धागा सार्थकी लागला. आता हेड उघड. पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर मातीने मोज, कॅमच्या कागदावर विसंबू नकोस. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटताना पिस्टन त्याचा पाठलाग करतो, फ्लोट झाला की पहिली गाठ तिथेच पडते.

रानवारा

पाच महिन्यांनी परत आलोय. काय झालं ते सगळं सांगतो.

इंजिन उतरवलं. नवे रॉड बोल्ट, ताण मोजून बसवले, सगळे आकडे वहीत आहेत. कंपनीचेच पिस्टन ठेवले. बॅलन्सिंग, स्टीलचं फ्लायव्हील, टाकीत बॅफल. हेडला शिम बकेटखाली, दुहेरी स्प्रिंगा, मध्यम कॅम, सेपरेशन ११२. पिस्टनच्या खाचेत मळलेल्या मातीचा गोळा ठेवला, वर तेलाचं बोट फिरवलं, हेड आवळून क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला. हेड उचललं तर मातीत व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा उठला होता. ब्लेडने मधोमध कापून सर्वात पातळ जागा व्हर्निअरने मोजली. एक्झॉस्टला २.३ निघालं. अडीच नव्हतं, म्हणून एक्झॉस्ट कॅम दोन अंश पुढे घेतला, पुन्हा माती, पुन्हा हेड. २.६. पूर्ण एक दिवस त्यात गेला आणि त्या दिवसाचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

ब्लोअरची पुली लेथवर करून घेतली, ९ टक्के मोठी. पट्टा लांब घ्यावा लागला, आणि आयडलर सरकवून पट्ट्याचा पुलीवरचा विळखा वाढवला.

पहिल्या डायनोला ७,४०० ला गाडी मिसिंग करायला लागली. मला वाटलं स्प्रिंगा कमी पडल्या, पोटात गोळाच आला. सुनेत्राताईंना रेकॉर्डिंग पाठवलं.

सुनेत्रा

आणि तो फ्लोट नव्हता. इतरांच्या उपयोगासाठी लिहिते. फ्लोट दर वेळी साधारण त्याच आरपीएमला येतो, बूस्ट कमी केला तरी जेमतेम शे-दोनशे फेऱ्यांनी सरकतो. रानवारांनी बायपास (बूस्ट सोडून देणारी झडप) थोडा उघडा ठेवून ओढ घेतली तेव्हा मिसिंग पूर्ण गेली. म्हणजे ठिणगी विझत होती. दाट हवेत ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि आरपीएम वाढला की कॉइल भरायला वेळ कमी उरतो. चार सिलिंडरला एकच कॉइल असेल तर ८,२०० ला दोन ठिणग्यांमध्ये साडेतीन मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ असतो. दोन कॉइलवर सात, प्रत्येक प्लगला वेगळी असेल तर साडेचौदा. त्यांनी प्लगवरच्या चार कॉइल लावल्या, गॅप ०.७ मिमी केला.

रानवारा

त्यानंतर रेष स्वच्छ आली. चाकांवर मोजलेले आकडे. सगळ्यात आधी, सरकलेल्या पुलीसकट : ६,४०० ला १०४ किलोवॅट, पुढे उतार. आता : ७,४०० ला १२१ आणि ८,००० ला अजून ११८. खाली ३,००० ला टॉर्क १६५ वरून १५२ न्यूटन-मीटरवर आलाय. जुना_पिस्टन काका म्हणाले होते तसंच. रस्त्यावर तो फरक जाणवतो, खोटं बोलणार नाही. पण दुसऱ्या गिअरमध्ये साडेपाच हजारांच्या पुढे गाडी जशी उघडते, ते मला हवं होतं.

केदार_७७

अभिनंदन! लिमिटर शेवटी किती ठेवला? आणि चुकून खालचा गिअर पडला तर लिमिटर वाचवतो का?

रानवारा

८,१००, इग्निशन कट. इंधन कापून मर्यादा लावायची तर एखादा सिलिंडर अर्धवट लीन जायची भीती वाटते. शिफ्ट लाइट ७,८०० ला. खालचा गिअर चुकून पडला तर कोणताही लिमिटर वाचवत नाही, कारण तेव्हा चाकं इंजिनाला फिरवत असतात. म्हणून गिअर लिव्हरचे जुने बुश बदलले. दुसरा आणि चौथा आता अंधारातही वेगळे सापडतात.

दोन ट्रॅक डे झाले. काल कव्हर उघडून क्लिअरन्स पाहिले. तिसऱ्या सिलिंडरचा एक इनटेक ०.२० वरून ०.१७ वर आलाय, बाकी पंधरा जागच्या जागी. व्हॉल्व्ह सीटवर बसतोय असं वाटतं, पुढच्या वेळी पुन्हा मोजतो. तेलाचा फिल्टर कापून कागद उन्हात उलगडला, बोट फिरवलं. एकही चकाकणारा कण नव्हता.

लेथवाला

तो कागद ठेवून द्या, तारीख टाकून. पुढच्या फिल्टरचा त्याच्या शेजारी ठेवून बघायचा.